फोटोतला वाकडा खांब

कुंदे,

लग्न होऊन मी पनवेलला या घरात आले, त्याच संध्याकाळी सासूबाईंनी मला बजावलं होतं. नणंद वयाने लहान असली तरी मानाने मोठी, तिला वन्सं म्हणायचं, अहोजाहो करायचं. तू तेव्हा परकर-पोलक्यात होतीस आणि दाराआड उभी राहून तोंडावर हात धरून हसत होतीस. चारचौघांत मी तुला शेवटपर्यंत वन्सं म्हटलं. चुलीपाशी आणि विहिरीवर मात्र तू कुंदी आणि मी वहिनी. आता तू गेलीस. आता कुणाचा मान ठेवायचा आणि कुणाला ऐकू जाईल म्हणून दबून बोलायचं? म्हणून सरळ विचारते. कुंदे, जेवलीस का?

तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना. बायकांनी तळ्यावर जायचं नसतं म्हणून मी घरीच होते, ह्यांनी येऊन सांगितलं. पिंड ठेवले, सगळे मागे सरले, आणि कावळे आपले पिंपळावर बसून राहिले. कुणी म्हणालं, नवऱ्यात जीव अडकलाय. भावोजींनी हात जोडून काही पुटपुटलं, तरी कावळा हलेना. शेवटी हे पुढे झाले आणि म्हणाले, "कुंदा, तुझ्या सुमीला आम्ही अंतर देणार नाही." तेव्हा कुठे एक कावळा खाली आला आणि घाईघाईने चोच मारून गेला. सांगताना तुझ्या दादाचे डोळे भरून आले होते. मला मात्र संताप आला. कावळा वेळ लावणार नाही तर काय करणार? पानावर बसायचं आणि अन्नाकडे नुसतं बघत राहायचं, हे तू गेली कित्येक वर्षं करत आलीस. मेल्यावर तरी एकदम कशी जेवशील!

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलीस, आणि आता ते आपल्या दोघींपुरतं राहिलेलं नाही. सुमी इथे आहे. शाळा उघडेपर्यंत भावोजींनी तिला आमच्याकडे ठेवलंय. ती समोर बसते तेव्हा तिच्या ताटाकडे बघायची मला भीती वाटते.

तुला आठवतं का, मी नवीन असताना आपण नेऱ्याला तुझ्या मावशीकडे मुंजीला गेलो होतो? मी जन्मापासून अंगाने भरलेली. माहेरी त्याला खात्यापित्या घरची पोर म्हणत, आणि सासरी आल्यावर त्याच अंगाला लोक "अगंबाई, एवढी!" म्हणू लागले. पंगतीत जिलबी फिरत होती. वाढपी माझ्यापाशी आला आणि तुझी मावशी लांबून ओरडली, "नव्या सूनबाईंना विचारून वाढा हो, पंगत पुरली पाहिजे!" अख्खी पंगत हसली. माझा हात पानावरच थांबला. घास गिळता येईना आणि थुंकताही येईना. तू माझ्या शेजारी होतीस, बारा वर्षांची. तू दोन्ही हात वर करून ओरडलीस, "मला वाढा! आणि वहिनीला पण वाढा, मला एकटीने खाल्लेलं जात नाही!" मग तू जिलबीवर जिलबी रिचवलीस आणि मी तुझ्या आडोशाने पोटभर जेवले. परतताना बैलगाडीत तू पोट धरून लोळत होतीस आणि म्हणत होतीस, "वहिनी, तुझ्यापायी मेले गं मी." त्या दिवसापासून या घरात माझं कुणीतरी आहे असं मला वाटायला लागलं. ते उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज दाखवते.

खाण्याची तुला काय हौस होती! सकाळी चांगुणा कोळीण माशांची पाटी घेऊन दाराशी आली की तू अभ्यास टाकून धावायचीस. खाडीच्या चिखलातले निवटे तुझ्या जिवाभावाचे. लोक त्या डोळे वटारलेल्या माशाकडे बघून नाक मुरडायचे, आणि तू त्यांचं कालवण भातावर घेऊन बोटं चाटायचीस. चांगुणा म्हणायची, "या पोरीला खाडीकाठच्या घरान द्या गो, हिला पुन्या-मुंबैला काय गोड लागाचा नाय." आपण हसायचो. ती थट्टेत बोलत होती, पण तुला खरंच खाडीकाठच्या घरात दिलं असतं तर किती बरं झालं असतं असं आता मनात येतं.

दिलं पुण्याला. स्थळ चांगलं होतं, त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. मुलगा सरकारी नोकरीत होता आणि स्वभावाने गरीब होता. त्यांनी आधी फोटो मागवला, आणि तोही उभा, पायापासून डोक्यापर्यंत दिसेल असा. आपल्या बाजारपेठेतल्या फोटोवाल्या काकांकडे आपण दोघी गेलो. सासूबाईंची मोतिया रंगाची साडी तुला नेसवली होती. मागे काकांचा तो रंगवलेला पडदा, काळोखी बाग आणि बागेला पांढऱ्या खांबांचा कठडा. काका काळ्या कापडात डोकं घालून म्हणत होते, "हसू नका, पण रडूही नका." तू एवढी हसत होतीस की त्यांची फोटोची एक काच फुकट गेली.

फोटो आणायला गेलो तेव्हा काका खिडकीशी उतरत्या मेजावर वाकले होते. काचेवरची उलटी छबी उजेडासमोर धरली होती, आणि बारीक पात्याने तुझ्या कमरेचा काठ ते खरवडत होते. दोन्ही बाजूंनी. दंडही थोडे तासले. जिथे खरवडलं तिथे मागची काळी बाग आली, पण बागेतला कठडा कुठून येणार? तो त्यांनी पेन्सिलीने पुन्हा काढला. मी विचारलं, "हे काय करता?" तर अभिमानाने म्हणाले, "सफाई. मुलगी छानच आहे हो, पण कॅमेऱ्यात माणूस फुगतं. मुंबईत सिनेमातल्या बायकांचंसुद्धा असंच करतात. हे आमच्याकडून, लग्नाचा आहेर समजा."

दोन दिवसांनी छापलेला फोटो मिळाला, तो आपण वाटेतच पाकिटातून काढला. त्यातली मुलगी तुझ्यासारखी होती, फक्त कंबर अशी की मुठीत यावी. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर घागर घेऊन उभ्या असतात ना, त्या बायकांची असते तशी. आणि कमरेला लागून असलेला कठड्याचा खांब वाकडा झाला होता. बाकीचे सगळे सरळ आणि तो एकच मधे खचलेला. मी तुला तो बोटाने दाखवला. तू भर रस्त्यात मोठ्याने हसलीस आणि म्हणालीस, "वहिनी, परत जा. काकांच्या मेजाखाली माझी कंबर सांडली असेल, ती पदरात झाडून घेऊन ये." घरी येईपर्यंत आपण हसत होतो. त्या फोटोवर तू हसलीस ती तेवढीच.

पुण्याहून निरोप आला, फोटो फार पसंत आहे, दिवाळी झाली की मुलीला बघायला येतो. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. घरभर आनंद, आणि तू माजघरात आरशासमोर उभी. एका हातात फोटो, दुसरा हात कमरेवर. मी म्हटलं, "काय गं, कंबर सापडली का?" तू हसली नाहीस. म्हणालीस, "वहिनी, ते लोक हिला बघायला येणार आहेत. मी दारात गेले तर विचारतील, ती कुठे आहे?"

मी म्हटलं, विचारू देत. सांगू, ती काकांच्या मेजाखाली आहे.

"तुला सगळी थट्टा वाटते," तू म्हणालीस आणि फोटो उशीखाली ठेवलास.

श्रावण लागला आणि तुला आयतीच सोय झाली. आपल्याकडे बाईने भुकेलं राहायचं म्हटलं तर कुणी कारण विचारत नाही, वरून नमस्कार करतात. सोमवार धरलास, मंगळागौर अजून व्हायची होती तरी मंगळवार धरलास, शनिवार धरलास. चतुर्थी, एकादशी होत्याच. श्रावण संपला तरी तुझे वार संपेनात. शेजारच्या बायका सासूबाईंना म्हणायच्या, "काय हो तुमच्या कुंदाची निष्ठा! देव चांगलाच नवरा देईल." सासूबाई सुखावून जायच्या. त्या भोळ्या होत्या, त्यांना खरंच वाटत होतं की मुलीत भक्ती जागली. उपासाचं म्हणून मी रताळी, साबुदाणा करून द्यायची तेही तू मागच्या दारी कोंबड्यांना टाकायचीस. त्या वर्षी आमच्या कोंबड्या काय माजल्या होत्या! ह्यांच्या कानावर मी घातलं. हे भाताच्या गिरणीतून तुसाने माखून आलेले, म्हणाले, "उपास करते म्हणून तक्रार करू आईकडे? देवाच्या गोष्टीत मी कसं बोलू?" तिथेच सगळ्यांची तोंडं बंद होत होती. चांगुणा तेवढी एकदा तुला बघून पाटी खाली ठेवत म्हणाली, "पोरीच्या आंगान काय रायला नाय गो वयनी. दिष्ट काढा." मग दृष्टही काढली. मिरच्या तडतडल्या आणि सगळ्यांचं समाधान झालं.

दिवाळीनंतर ते लोक आले. तुझ्या पुण्याच्या सासूबाई बोलायला गोड, वागायला सभ्य. तू चहाचा ट्रे घेऊन आलीस तेव्हा माझं लक्ष तुझ्या बारीक झालेल्या मनगटाकडे होतं. त्यांनी पिशवीतून तो फोटो काढला, तुझ्या शेजारी हवेत धरला, एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तुझ्याकडे, आणि म्हणाल्या, "अगदी फोटोसारखी आहे हो! फोटोवाले फसवतात, पण तुम्ही खरी माणसं." सगळे हसले. तू मान खाली घातली होतीस, तरी पापणीच्या कडेने माझ्याकडे बघितलंस. जिंकल्यासारखं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि का आला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. आता रोज फोटोसारखं असावं लागणार होतं.

तो फोटो तुझ्याआधी सासरी पोचला. तू माप ओलांडून आत गेलीस तेव्हा तो पुढच्या खोलीत चौकटीत बसून तुझी वाट बघत होता. तू पहिल्या माहेरपणाला आलीस तेव्हा मला हसत हसत सांगितलंस. हळदीकुंकवाला बाया येतात, आधी भिंतीकडे बघतात, मग तुझ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. कुणी काही बोलत नाही. "बोलत नाहीत ना, मग झालं तर," मी म्हटलं. तू म्हणालीस, "बोलू नयेत म्हणून तर एवढं करते." आणि ताटातली अर्धी पोळी तू मोडून कडेला सारलीस.

सुमीच्या वेळी तू बाळंतपणाला आलीस. मला वाटलं, आता पोर माझ्या ताब्यात आहे, आता बघतेच. डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. तू मुकाट्याने सगळं खोलीत घेऊन जायचीस. रिकामी वाटी परत आली की माझा जीव सुपाएवढा व्हायचा. मग एक दिवस बाळाच्या दुपट्याला मुंग्या दिसल्या. म्हटलं, दूध सांडलं असेल. मुंग्यांची रांग भिंतीकडेने, कॉटखालून, थेट तुझ्या ट्रंकेत. झाकण उघडलं. तुझ्या लग्नातल्या शालूत गुंडाळलेले सगळे लाडू होते, काळे पडलेले, मुंग्यांनी भरलेले. त्या शालूवर जर दिसत नव्हती एवढ्या मुंग्या. तू बाळाला पाजत होतीस आणि दुधाला जोर नव्हता म्हणून ते रडत होतं.

मी तुला बोलले. फार बोलले. पोरीच्या तोंडचा घास तू ट्रंकेत कोंडतेस म्हणाले. तू शांतपणे बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलंस आणि म्हणालीस, "तुझं बरं आहे वहिनी. तुला कुणी बघत नाही."

मी तशीच उठले आणि शालू विहिरीवर नेऊन झटकला. रागावले होते, आणि खोटं कशाला बोलू, दुखावलेही होते. पण रात्री तांदूळ निवडताना मनात आलं, कुंदी म्हणते ते खरंच आहे. एवढ्या मोठ्या देहाकडे कुणी बघत नाही म्हणून मी जेवते, झोपते, गिरणीवरच्या बायकांशी फिदीफिदी हसते, जिवंत आहे. तुझ्याकडे सगळं जग बघत होतं आणि तू त्यांच्यासाठी रोज थोडी थोडी कमी होत होतीस. हेच तुला सांगायचं होतं. तू दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडलीस, मीही रडले, आणि सांगायचं राहून गेलं.

पुढची वर्षं तू येत राहिलीस, जात राहिलीस. घाटातून पळस्प्याच्या वळणावर एस्टी आली की तुला मळमळायचं, आणि तुला तेही बरंच वाटायचं, कारण मग दिवसभर कुणी जेवायचा आग्रह करत नसे. सुमीच्या वाढदिवसाला भावोजींनी सगळ्यांचा फोटो काढायचा म्हटलं तर तू बाळाच्या कपड्यांची पिशवी धरून बाजूला उभी राहिलीस. पुन्हा कधीच तू कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "एक चांगला आहे ना, पुरे."

या संक्रांतीला तू इकडे होतीस तेव्हा कासार आला होता. सुमीला भरल्या, मला भरल्या, मग तुझा हात हातात घेतला आणि तो थबकला. मोठ्या बाईच्या मापाच्या बांगड्या तुझ्या कोपरापर्यंत वर जात होत्या. त्याने हळूच सुमीच्या मापाचा जोड काढला आणि तो तुला बसला. त्याचं तोंड उतरलं, कुंदे. आणि तू? तू हात उजेडात वरखाली करून बघितलास आणि खुदकन हसलीस. सुमी तुझ्या मांडीला टेकून ते हसू बघत होती.

होळीच्या आधी ताप आला. साधा ताप, पुण्यात घरोघरी होता, सुमीलाही येऊन गेला. हवापालट म्हणून भावोजी तुला इकडे घेऊन आले. डॉक्टरांनी तुझा हात धरला, पापणी उलटून पाहिली आणि ह्यांना अंगणात नेऊन विचारलं, "घरात हे कुणाला दिसलं नाही का? ताप घालवायला अंगात काही लागतं हो." हे गप्प उभे राहिले. देवाच्या गोष्टीत बोलायचं नसतं, नाही का!

शेवटच्या सकाळी तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "वहिनी, निवटे मिळतील का गं?" मला काय वाटलं म्हणून सांगू! वाटलं, वाचली पोर. चांगुणाच्या घरी निरोप धाडला. बिचारी भरती-ओहोटी न बघता चिखलात उतरली आणि ओटीत घेऊन आली. कालवण केलं, भात मऊ शिजवला, आणि वाटी तुझ्या नाकाशी धरली. तू डोळे मिटून वास घेतलास. कितीतरी वेळ घेतलास. मग वाटी हाताने बाजूला सारलीस. सुमी तुझ्या पायाशी बसली होती. तिच्याकडे बघून म्हणालीस, "सुमीला दे." आणि मी उठले तशी मागून म्हणालीस, "पण बेताने वाढ हं वहिनी. बेताने."

मला वाटलं होतं तू काही मागशील. पोरीला सांभाळ म्हणशील, मला क्षमा कर म्हणशील, निदान पाणी मागशील. दुपारच्या आत तू गेलीस. तुला उचलताना चौघांना वजन जाणवलं नाही. दारात बायका रडत होत्या आणि रडता रडता एक जण म्हणाली, "शेवटपर्यंत अंगाने कशी चाफ्याच्या कळीसारखी राहिली हो." मी तिच्या अंगावर धावून जाणार होते, सासूबाईंनी पदर धरला म्हणून थांबले.

तेराव्याला भिंतीवर लावायला तुझा फोटो हवा होता. शोधायचा प्रश्नच नव्हता, कारण तू एकच ठेवला होतास. त्याची दुसरी प्रत इथे सासूबाईंच्या कपाटात होती. त्यांनी स्वतःच्या हाताने चौकटीत बसवून घेतली, हार घातला, रोज उदबत्ती लावतात. त्या आईचं काळीज मला कळतं, त्यांना बोल लावायला जीभ धजत नाही. आणि सुमी रोज त्या फोटोसमोर उभी राहते. आधी वाटलं, आईची आठवण येते बिचारीला. मग एक दिवस बाजूने बघितलं. पोर श्वास रोखून, पोट आत ओढून उभी होती, दोन्ही हात कमरेपासून लांब धरून. अगदी काकांनी तुला उभं केलं होतं तशी. समाचाराला येणारा प्रत्येक जण तिच्या हनुवटीला हात लावून म्हणतो, "आईवर जाणार हो ही, अगदी आईवर." तिचे डोळे चमकतात.

काल चांगुणा आली होती. तुझ्या फोटोला बाहेरूनच हात जोडले, डोळे पुसले. मग पाटी उचलता उचलता म्हणते, "वयनी, तो फोटोवाला अजून हाय का गो? आमचे पोरीचा जमवायचा हाय. ती म्हनते, मना पन कुंदाबायसारका बारीक करून काराचा." तिची पोर खाडीत कमरेएवढ्या चिखलात जाळं ओढते. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण चांगुणा भेदरून दोन पावलं मागे सरली.

आणि काल सोमवार होता. सुमी पानावर आली, पाट सरकवला आणि म्हणाली, "मामी, मला उपास आहे." सासूबाई माळ ओढता ओढता थांबल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "माझी गुणाची ती!"

मी उठले. भिंतीवरून फोटो खाली काढला. हार निघून जमिनीवर पडला, सासूबाई ओरडल्या, मी ऐकलं नाही. सुमीला उजेडात अंगणात नेलं आणि फोटो तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "हा कठडा बघ. खांब मोज. सगळे सरळ आहेत ना? आता आईच्या कमरेजवळचा बघ." तिने बोट फिरवलं. बोट त्या वाकड्या खांबाशी थांबलं. मी तिला सगळं सांगितलं. काच, पातं, पेन्सिल, काकांचं मेज. म्हटलं, "ही आई नव्हती गं कधी. आई इथून इथपर्यंत होती. एवढी. जिलबीवर जिलबी खाणारी. हे फोटोवाल्याने खरवडून टाकलं."

सुमी कितीतरी वेळ त्या जागेवर बोट घासत राहिली. मग तिने मान वर केली आणि विचारलं, "मग इथली आई कुठे गेली?"

कुंदे, तू हाच विनोद केला होतास. पंधरा वर्षांनी तुझी पोर तेच विचारते आहे आणि तिला हसू येत नाही. मी तिला जवळ घेतलं आणि खूप रडले. तीही रडली. काल मला वाटलं, तिला कळलं.

फोटो मी परत लावला नाही. ट्रंकेत घालून कुलूप लावलं. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, न बोलू देत. पण पुण्याच्या घरात पुढच्या खोलीत तोच फोटो आहे आणि तो काढायला माझा हात तिथे पोचत नाही. शाळा उघडली की भावोजी येतील. मी ह्यांना सांगून ठेवलंय, तुम्ही पिंडाला शब्द दिलाय, पोर इथेच शिकेल. हे हो म्हणालेत. भावोजी काय म्हणतात ते बघू. मी भांडणार आहे, आणि भांडायची मला आता लाज नाही.

आज सकाळी सडा टाकून आत आले तर सुमी त्या भिंतीसमोर उभी होती. भिंतीवर आता नुसता खिळा आहे. ती खिळ्याकडे बघत होती. श्वास रोखलेला, पोट आत, हात कमरेपासून लांब.

मी सरळ चुलीपाशी गेले. चांगुणाला निवटे आणायला सांगितले होते, ते साफ केले, कालवण रटरटलं, भात उतरवला. तिला हाक मारली. ती आली, पानावर बसली. कालवणाच्या वासाने तिच्या नाकपुड्या हलल्या, तुझ्यासारख्याच, आणि मी मनात म्हटलं, खाणार, माझी पोर खाणार. मी पळी बुडवली आणि भातावर ओतली. दुसरी भरली.

सुमीने पानावर आडवा हात धरला.

"बेताने वाढ हं मामी," ती म्हणाली. "बेताने."

तुझाच आवाज होता, कुंदे. मी तिचा हात उचलून बाजूला ठेवला आणि वाढत राहिले.